सेकंडहँड ईको घेताना: गंज, एचपी आणि हप्ता

गेल्या डिसेंबरात आम्ही २०१९ ची मारुती ईको कार्गो सेकंडहँड घेतली. गुहागर तालुक्यात आमची कलमं आहेत, आणि वर्षभर आगळ, आमसुलं, फणसपोळी असा माल चिपळूण-रत्नागिरीच्या दुकानांत जात असतो. आंब्याच्या दिवसांत टेम्पोसाठी हातापाया पडावं लागायचं, कारण आमच्या पेट्या भरून होतात त्याच दिवशी गावातल्या प्रत्येकाला टेम्पो हवा असतो. स्वतःची गाडी हवी हे घरात ठरलं तेव्हा नवीन घ्यायची ऐपत नव्हती. शोधाशोध, कर्ज, आरटीओ हे सगळं मीच केलं. आमच्या भागात कुणी जुनी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर त्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहिते आहे.

पहिला प्रश्न पांढरी पाटी की पिवळी. पांढऱ्या पाटीची पाच सीटर ईको घ्यायची, मागची सीट काढायची आणि पेट्या भरायच्या, असं कित्येक जण करतात. मला ते नको होतं. खासगी म्हणून नोंदलेल्या आणि खासगी म्हणून विमा उतरवलेल्या गाडीतून धंद्याचा माल नेला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच धरते. कार्गो ही मालवाहू म्हणूनच पासिंग झालेली असते. तिला आरटीओचा फिटनेस दाखला लागतो, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. पण परमिट लागत नाही, कारण एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यातच त्यातून सूट आहे. लायसन्सचंही अडलं नाही. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. ह्यांच्याकडे ते लायसन्स होतंच.

सीएनजीची गाडी घ्या, परवडेल, असा सल्ला खूप जणांनी दिला. पण ईकोत सिलिंडर मागच्या जागेत बसतो, आणि मला तीच जागा पेट्यांसाठी हवी होती. शिवाय बाहेरून किट बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांची चाचणी झालीय का, हेही बघत बसावं लागतं. म्हणून पेट्रोलच.

आता गंजाचं. आमच्याकडे जुनी गाडी म्हटली की हा विषय सगळ्यांत मोठा, आणि जाहिरातीतल्या फोटोत तो कधीच दिसत नाही. खारा वारा बाराही महिने असतो. पत्र्यावर बसलेलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, मग पावसाळ्याचे चार महिने तो पत्रा वाळतच नाही. त्यात मिरकरवाड्याला किंवा हर्णैला मासळी वाहिलेली गाडी असेल तर विचारूच नका. क्रेटमधल्या बर्फाचं खारट पाणी तळाच्या पत्र्यावर साचतं आणि गाडी आतून कुजत जाते, वरचा रंग मात्र चकचकीत असतो. ज्यांना जमेल ते म्हणूनच घाटावरची गाडी शोधतात.

शृंगारतळीचे आमचे मेकॅनिक प्रत्येक वेळी सोबत आले. त्यांचं म्हणणं एकच, “वहिनी, वरचा रंग ऱ्हावू दे, खाली वाकून बघू.” ते रस्त्यावर गोणपाट टाकून गाडीखाली जायचे आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिसवर ठोकत पुढून मागे यायचे. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. एका गाडीखाली सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला होता. मला वाटलं मालकाने निगा राखलीय. त्यांनी मागच्या चाकाजवळ टोकाने जरा खरवडलं तर रंगाचा पापुद्राच सुटून आला आणि त्याच्यामागून तपकिरी भुगा पडला. विकायच्या आधी गंजावर रंग फासला होता. सरकत्या दाराची खालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, सायलेन्सर आणि पुढच्या सीटखालची इंजिनची जागा (ईकोचं इंजिन तिथेच असतं), एवढं तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मी त्यांच्याकडून शिकले.

दुसरी भीती पुराची. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आम्ही जवळून पाहिलंय. त्यातल्या पुष्कळ धुऊनपुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. त्यात गैर काही नाही, लोकांचं सगळंच वाहून गेलं होतं. पण घेणाऱ्याला ते सांगायला हवं. एका विक्रेत्याकडची गाडी दिसायला उत्तम होती, किंमतही कमी. आमच्या मेकॅनिकने ड्रायव्हरकडचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. आतला अर्धा हात पट्टा मातकट होता, वर सरळ रेषेत डाग. सीटचे बोल्ट गंजलेले, आणि डॅशबोर्डच्या खाली हात घातला तर बोटांना वाळलेला गाळ लागला. विक्रेता शेवटपर्यंत “पाणी लागलेलं नाही” म्हणत राहिला. अशा गाडीचं वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून ती सोडली.

आम्हाला पटली ती गाडी देवरुखची. एमएच ०८ चंच, म्हणजे रत्नागिरीचंच पासिंग, पण समुद्रापासून आत. बिस्किटांच्या एजन्सीवर चाललेली, म्हणजे माल हलका. मालक साठीचे काका होते, धंदा आवरता घेत होते. आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका असं फोनवर सांगून ठेवलं होतं, कारण थंड इंजिन कसं लागतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, ते सकाळीच कळतं. मग मार्लेश्वरच्या रस्त्याला चढावर नेली. दुसऱ्या गिअरवर ओढ चांगली होती, क्लच सरकत नव्हता. टायर मात्र दोन बदलावे लागणार होते, त्याचे पैसे किमतीतून कापून घेतले. ३,८०,००० ला व्यवहार ठरला.

गाडी पसंत पडली तरी पैसे देण्याआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघितला. फिटनेस २०२७ पर्यंत, विमा चालू, मालक पहिलाच. ई-चलन वेगळं तपासलं, एक जुनं चलन बाकी होतं ते काकांनी लगेच भरलं. १ एप्रिल २०१९ नंतरची गाडी असल्यामुळे सुरक्षा नंबरप्लेट मुळातूनच होती. सगळं ठीक, पण फायनान्सरच्या रकान्यात एका फायनान्स कंपनीचं नाव दिसत होतं.

काका म्हणाले, “अहो, ते कर्ज कधीच फिटलंय.” खरंच फिटलं होतं, शेवटच्या हप्त्याची पावतीही त्यांच्याकडे होती. पण कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप जात नाही. आरटीओच्या भाषेत एचपी. ती उतरवायला फायनान्स कंपनीची एनओसी आणि त्यांच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. काकांना एनओसी मिळाली होती, पण कपाटात राहून जुनी झाली होती आणि आता चालत नव्हती. ज्या शाखेतून कर्ज घेतलं ती शाखाच बंद झालेली. फोनवर एक जण दुसऱ्याकडे पाठवायचा, दुसरा ईमेल करा म्हणायचा. शेवटी काकांचा मुलगा कोल्हापूरच्या शाखेत जाऊन बसला तेव्हा कागद हातात पडले. बरेच दिवस गेले यात. एजंट मला सांगत होता, “ताई, पैसे देऊन गाडी घेऊन जा, एचपी मागाहून होईल.” मी ऐकलं नाही. मी फक्त १०,००० इसार दिला, आणि पावतीवर लिहून घेतलं की एचपी उतरल्याशिवाय उरलेली रक्कम देय नाही, व्यवहार फिसकटला तर इसार परत. काकांनी काहीही आढेवेढे न घेता सही केली. भला माणूस.

तोवर मी कर्जाच्या मागे होते. जुन्या गाडीला बँका सरळ किमतीवर कर्ज देत नाहीत. त्यांचा व्हॅल्युअर येतो, तो सांगेल त्या किमतीच्या काही टक्के मिळतात. व्हॅल्युअरने ३,७५,००० धरले, बँकेने त्याच्या ८० टक्के, म्हणजे ३,००,००० मंजूर केले. चार वर्षं, १२ टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज.

त्याच वेळी एका फायनान्सच्या एजंटने ९ टक्क्यांचा आकडा पुढे केला. घरात सगळे म्हणाले, बँकेपेक्षा तीन टक्के स्वस्त, हेच घे. मी वहीत मांडून बघितलं. त्याचे ९ टक्के फ्लॅट होते. म्हणजे चारही वर्षं व्याज पूर्ण ३,००,००० वरच, दरम्यान कितीही मुद्दल फेडलेलं असो. ३ लाखांचे ९ टक्के २७,०००, चार वर्षांचे १,०८,०००. एकूण ४,०८,००० भागिले ४८, हप्ता ८,५००. बँकेच्या १२ टक्क्यांचा हप्ता ७,९००. महिन्याला ६०० जास्त, चार वर्षांत २८,८०० जास्त, आणि बोलताना मात्र ९ टक्के! घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर जवळजवळ १६ टक्के पडतो. माणसं फसतात ती इथे, आणि मला याचा फार राग येतो, कारण आमच्याकडचे बागायतदार, खलाशी, रिक्षावाले सगळे दराचा आकडा ऐकून सह्या करतात. हप्ता गुणिले महिने करून एकूण किती जाणार ते बघा, दुसरं काही बघितलं नाही तरी चालेल. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना कर्जाआधी एक माहितीपत्रक देणं बंधनकारक केलंय. त्यात प्रोसेसिंग फीसकट वर्षाचा खरा दर छापलेला असतो. मी एजंटकडे ते मागितलं, तो “देतो” म्हणाला आणि परत फोन केला नाही. बँकेने मागताक्षणी दिलं. त्यातच मुदतीआधी पैसे भरले तर दंड किती, हेही बघून घेतलं. आमचा पैसा आंब्यावर येतो, त्यामुळे मला ते महत्त्वाचं होतं. आमच्या बँकेत दंड नव्हता.

एचपी उतरल्याचं ॲपवर दिसलं तसं बाकीचं भराभर झालं. नाव बदलायला फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०, आणि आमच्या बँकेची एचपी चढवायला फॉर्म ३४. मध्ये एकदाच अडलं. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी काकांच्या जुन्या नंबरवर जात होता, तो नंबर बंद. आधी त्यांचा मोबाईल नंबर बदलून घ्यावा लागला. कागद द्यायला तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि तिथून रत्नागिरीचं आरटीओ, असं जावं लागलं. बँकेने पैसे थेट काकांच्या खात्यावर भरले.

चावी देताना काकांनी माझ्याकडून ताबा पावती लिहून घेतली, तारीख आणि वेळेसकट. हे त्यांनी अगदी बरोबर केलं. सही केलेले कोरे २९-३० देऊन गाडी विकणारे आपल्याकडे ढीगभर आहेत, आणि घेणारा वर्षानुवर्षं नाव बदलतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेली असली तरी आरटीओत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर. काकांनी फास्टॅगही त्याच दिवशी बंद केला, आम्ही नवा घेतला.

विम्याचंही लोक विसरतात. तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीबरोबर आपोआप येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा नावावर करायला १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. काकांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या रकमेत मिळणारी सूट) त्यांच्याकडेच राहिला, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे उरलेल्या महिन्यांपुरता फरक आम्हाला भरावा लागला. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हरही नव्याने घेतलं. नवं आरसी कार्ड पोस्टाने आलं, त्यावर आमचं नाव आणि खाली बँकेचं.

यंदाच्या हंगामात पेट्या भरल्या तशा वेळेवर निघाल्या. पावसाआधी खालून गंजरोधक कोटिंग करून घेतलं, आधी गोड्या पाण्याने नीट धुऊन आणि कडक उन्हात वाळवून. जूनमध्ये आंब्याच्या पैशांतले ४०,००० कर्जात भरायला गेले तेव्हा बँकेतल्या मॅडमनी विचारलं, हप्ता कमी करायचा की मुदत? मी मुदत कमी करा म्हटलं. हप्ता तोच राहिला आणि शेवटचे सात हप्ते कमी झाले.