आमची वाटचाल : तीन ओळी आणि एक ओटी

वर्धा जिल्ह्यातलं आमचं वावर काळ्या मातीचं, कोरडवाहू. २००२ मध्ये बीटी कापूस आला, तरी सासऱ्यांनी दोन एकर देशी पऱ्हाटी सोडली नाही. तिचा धागा आखूड, गिरणीला नकोसा. हातसुताला मात्र चालतो. ते विणून घेऊन बायकांचे कपडे शिवायचे, असं मी आणि माझ्या धाकट्या जावेनं ठरवलं.

काठाला तिफणीनं पेरताना पडतात त्या तासांसारख्या तीन ओळी. कुर्त्याला पोटावर रुंद खिसा, वेचणीला कमरेला बांधतात त्या ओटीसारखा. तो जावेनं सात वेळा उसवला. खिसा भरला की कापड पुढे ओढायचं, गळा मानेवर काचायचा. शेवटी भार बाजूच्या शिवणींवर घेतला तेव्हा जमलं. काळा रंग गूळ-लोखंडाचा. माठात सासऱ्यांच्या वखराची झिजलेली लोखंडी पास घातली होती, ती अजून तीच आहे. कापड आधी हिरड्यात भिजवायचं. आणि लोखंडाचं पाणी अंदाजानं ओतू नका बायांनो, मोजून घ्या. जास्त झालं तर सूत कुजतं.

मग तो व्यापारी. नाव घेत नाही. तीन नमुने ‘दाखवायला’ नेले, पंधरा दिवसांनी ‘गिऱ्हाईक नाही’ म्हणून परत पाठवले. दिवाळीत त्याच्या दुकानात तोच खिसा, त्याच तीन ओळी! कापड गिरणीचं, ओळी छापलेल्या, चिठ्ठीवर ‘थेट शेतातून’. त्याचा कुर्ता ४५०, आमचा १६५०. आमचे १४० कुर्ते घरात पडून, विणकरांची मजुरी थकलेली. जावेनं पाटल्या मोडल्या. मी शिलाई मशीन विकायला काढली, गिऱ्हाईकसुद्धा ठरलं होतं. नमुना देताना चार ओळींची पोच लिहून घ्या, मग माणूस कितीही गोड बोलो. आजही त्याच्या दुकानाच्या रस्त्यानं ऑटो निघाला की मी दुसरीकडे बघते.

त्या आठवड्यात नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. दोन्ही कुर्ते शेजारी ठेवून त्यांनी नखानं ओळी खरवडल्या, उलट्या बाजूनं पाहिल्या. आमचे सहा घेतले, पैसे रोख मोजले. पुढच्या महिन्यात मैत्रिणींना घेऊन आल्या. मशीन राहिली.

पुढची सहा वर्षं ठीक गेली.

बाई अजून येतात. पहिल्या कुर्त्याची कोपरं विरली आहेत, खिसा दोनदा शिवलाय. नवा देते म्हटलं तर ऐकत नाहीत. ‘ओटी तेवढी बदलून दे,’ म्हणतात, ‘बाकी चालतंय.’