सावलीशिवाय चुण्या

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांसमोर खुर्चीवर एखादं कापड टाकून 'काढा' म्हटलं, की पेन्सिली लगेच आडव्या होतात. चुणीची एक बाजू काळी करायची, बोटाने पुसायची, झालं कापड. औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं बघत वाढलेल्या आम्हा सातारकरांना वस्त्र म्हणजे उजेड आणि सावली. ती चित्रं मला आजही प्रिय आहेत. पण सध्या मी चिनी व्यक्तिचित्रांत बुडालोय, आणि तिथे अंगरख्यावर सावली जवळजवळ नसतेच. कापड जाड की तलम, वारा कुठून येतोय, हे सगळं एकट्या रेघेने सांगायचं.

वस्त्राच्या अशा रेघांचे अठरा प्रकार तिथे मानतात. यादी मिंग काळातली (चौदावं ते सतरावं शतक), रेघा त्याहून कितीतरी जुन्या. चौथ्या शतकातल्या चित्रकार गू काइझीची रेघ रेशमाच्या तंतूसारखी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. त्याच्या नावावरच्या एका गुंडाळीचित्राची जुनी नक्कल ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातल्या दरबारी स्त्रियांचे शेले बघावेत. कुठेही घाई नाही.

मला सगळ्यात आवडते ती 'खिळ्याचं डोकं, उंदराची शेपूट'. कुंचला उभा धरायचा, टोक कागदावर दाबून क्षणभर थांबायचं. तिथे शाईचा टपोरा ठिपका उमटतो. मग हात ओढत न्यायचा आणि दाब हळूहळू काढत जायचा, रेघ केसाएवढी होऊन संपेपर्यंत. बोटांनी ओढलेली रेघ मध्येच अडखळते. ती खांद्यापासून यावी लागते. खांद्यावर किंवा कोपराच्या वळणात, जिथे कापड ताणलं जातं, तिथे ठिपका ठेवला की चुणी खरोखर तिथूनच निघाल्यासारखी दिसते.

सहाव्या शतकातला चित्रकार त्साओ झोंगदा मूळ मध्य आशियातल्या घराण्यातला. त्याची माणसं नुकतीच पाण्यातून वर आल्यासारखी, वस्त्र अंगाला चिकटलेलं. मथुरेच्या गुप्तकालीन बुद्धमूर्ती पाहिलेल्याला हे अनोळखी वाटणार नाही. संगम माहुलीच्या घाटावर स्नान करून पायऱ्या चढणाऱ्या माणसांचं धोतर बघा: मांडीवर चुण्या एकमेकींना लगटून, समांतर उतरतात आणि गुडघ्याखाली एकदम सुटतात. उलट तांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) वू दाओझीचे शेले वाऱ्यावर उडणारे, रेघ मध्ये फुगणारी, टोकांना निमुळती. चिनी रसिक या दोघांची नावं जोडीनेच घेतात.

आणि तेराव्या शतकातला चित्रकार लियांग काई! चालत निघालेला कवी ली बाय त्याने काढलाय, आख्खा झगा मोजक्या फटकाऱ्यांत. हे धाडस मला थक्क करतं.

परीक्षेसाठी छायांकन लागतं, ते शिकवतोच. पण आता माझ्या वर्गात कापडाचा पहिला धडा कुंचला आणि काळ्या शाईचा असतो, खोडरबर दप्तरात ठेवून. मुलं आधी कुरकुरतात, मग कापडाकडे जास्त वेळ बघायला लागतात.