आमची वाटचाल: एक पार्ट लिस्ट, तीन हात

सांगलीलगत कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही हळद पॉलिश करायचे ड्रम, बकेट एलिव्हेटर आणि छोटे कन्व्हेयर बनवतो. हळदीची काढणी जानेवारीच्या सुमारास सुरू होते, म्हणून ऑर्डरी त्याआधीच एकदम अंगावर येतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला थोडं वेगळं हवं असतं. कुणाला ड्रम लांब, कुणाला मोटर मोठी, तर कुणाला ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र. त्यामुळे ऐन घाईत एकाच यंत्राच्या पार्ट लिस्टवर (त्यात लागणाऱ्या सुट्या भागांच्या यादीवर) डिझाइन, खरेदी आणि शॉप (यंत्र बनवणारा कारखान्याचा विभाग) असे तीन हात चालू असतात. आमची बरीचशी वाटचाल या तीन हातांनी एकमेकांचं काम पुसू नये यासाठीच झाली.

पहिला टप्पा एक्सेलचा. सामायिक फोल्डरमधली फाइल जो आधी उघडेल त्याची. दुसऱ्याला ‘रीड ओन्ली’ मिळते, तो डेस्कटॉपवर कॉपी घेतो आणि संध्याकाळी ‘फायनल’ नावाच्या दोन फायली तयार असतात. ऑनलाइन शीटमुळे कॉप्या थांबल्या, पण एकाच सेलमध्ये दोघांनी लिहिलं तर शेवटचं टिकतं आणि आधीचं मुकाट जातं. समजा एम 12 × 40 बोल्ट 24 नग आहेत. एकाने गार्डसाठी 4 वाढवून 28 लिहिले, दुसऱ्याने हॉपरसाठी 8 वाढवून 32 लिहिले. शीटमध्ये 32 राहतात, लागणार असतात 36. म्हणून आता आमच्याकडे नगसंख्येतला बदल ‘अधिक 4’, ‘अधिक 8’ असाच नोंदतात आणि बेरीज सॉफ्टवेअर करतं. त्याहूनही बरं म्हणजे बोल्टची एकच मोठी ओळ न ठेवता गार्डचे वेगळे आणि हॉपरचे वेगळे लिहिणं. खरेदीला एकूण आकडा रिपोर्टमधून मिळतोच.

दुसरा टप्पा कुलपाचा. चेक-आउट करणाऱ्यापुरती लिस्ट उघडी, बाकीच्यांना नुसती दिसते. पुसापुशी थांबते, पण चेक-आउट करून माणूस मिरजेला गिऱ्हाइकाकडे गेला की सगळे खोळंबतात. मग बदल कागदाच्या चिठोऱ्यांवर जमतात, आणि कुलूप असून नसल्यासारखं होतं. यंत्र ड्रम, फ्रेम, ड्राइव्ह आणि हॉपर अशा सब-असेंब्लीत मोडून प्रत्येकीला वेगळं कुलूप दिलं की खोळंबा बराच कमी होतो. ड्राइव्हपाशी मात्र गर्दी उरतेच, कारण मोटर, पुली, बेल्ट आणि बेअरिंग सगळ्यांनाच बदलायचे असतात.

सध्या कुलूप नाही. प्रत्येक बदल-चिठ्ठीवर ती लिस्टच्या कोणत्या रिव्हिजनवर (सुधारित आवृत्तीवर) बेतली आहे ते लिहिलेलं असतं. सेव्ह करताना मधल्या काळात नवी रिव्हिजन निघालेली असेल तर सॉफ्टवेअर तीन रकाने दाखवतं: मूळ, आताची आणि तुमची. नुसती आताची आणि तुमची लिस्ट शेजारी ठेवून भागत नाही. एखादी ओळ एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तर ती एकाने वाढवली की दुसऱ्याने काढली, हे मूळ पाहिल्याशिवाय कळत नाही. एकानेच हात लावलेल्या ओळी आपोआप पुढे जातात. दोघांनी हात लावलेली ओळ थांबते. एकाने मोटर ब्रॅकेट काढून टाकला आणि दुसऱ्याने त्याचीच प्लेट 8 मिमीवरून 10 केली, तर निर्णय माणसानेच घ्यायचा. इथे ‘नंतरचा बरोबर’ असा नियम लावणारं सॉफ्टवेअर घेऊच नये.

तुलना कशावरून करायची, यात बहुतेकांची फसगत होते. ओळीच्या क्रमावरून केली तर कुणी लिस्ट नावाप्रमाणे लावून घेतली की सगळ्याच ओळी बदललेल्या दिसतात. पार्ट नंबरवरून केली तर तोच बेअरिंग दोन ठिकाणी असतो. बलून नंबरवरून (ड्रॉइंगवर प्रत्येक पार्टशेजारी गोलात लिहिलेल्या आकड्यावरून) केली तर ड्रॉइंगवर नव्याने बलून टाकले की सगळी सरमिसळ. म्हणून प्रत्येक ओळीला सॉफ्टवेअरने दिलेला, कुणालाही न बदलता येणारा आयडी हवा. पार्ट बदलला तरी आयडी तोच, कारण तो यंत्रावरच्या जागेचा असतो.

आता खरी गोम. महागात पडणारा संघर्ष एकाच ओळीवर नसतोच. ड्रमचा शाफ्ट 50 मिमीचा, दोन्ही टोकांना यूसीपी 210 (प्लेटवर बोल्टने बसणारं, घरासकट येणारं बेअरिंग). लांब ड्रमसाठी एकाने शाफ्ट 55 केला आणि बेअरिंग यूसीपी 211. त्याच वेळी दुसऱ्याने फ्रेम हलकी करताना बेस प्लेट नव्याने काढली, भोकं जुन्या 210 च्या मापाने. ओळी वेगळ्या, म्हणून सॉफ्टवेअर म्हणतं संघर्ष नाही. असेंब्लीत मात्र 210 च्या भोकांचं अंतर 159 मिमी आणि 211 चं 171. बोल्ट दोन्हीला एम 16 च, त्यामुळे कागदावर नजर फिरवताना काही खटकत नाही. प्रत्येक बाजूला 6 मिमीची तफावत बेअरिंगच्या स्लॉटमध्ये मावत नाही आणि फिटर गॅस कटर हातात घेतो. शिवाय सेंटरची उंची 57.2 वरून 63.5, म्हणजे ड्रम 6.3 मिमी वर. चावी (शाफ्ट आणि पुली एकत्र फिरवणारी खाचेतली पट्टी) 14 × 9 ची 16 × 10 होते. पुलीला 2517 टेपर बुश (पुली शाफ्टवर आवळणारा निमुळता, बदलता येणारा बुश) असेल तर पुली तीच राहते, फक्त बुश 55 बोअरचा, म्हणजे 55 मिमी भोकाचा लागतो. हे खरेदीला कळलं नाही तर 50 चा येऊन पडतो.

यावर उपाय म्हणून आम्ही ‘जोडीचे गट’ बांधले. शाफ्ट, बेअरिंग, बेस प्लेट, चावी, बुश हा एक गट. मोटर, मोटर पुलीचा बोअर, ब्रॅकेट हा दुसरा. मोटर बदलली की तिची फ्रेम (बॉडीचा ठरलेला आकार) आणि शाफ्टही बदलतात: चार पोलची 3.7 किलोवॅट मोटर 112 फ्रेमची, शाफ्ट 28 मिमी, आणि 5.5 ची 132 फ्रेमची, शाफ्ट 38. चेन आणि स्प्रॉकेट हा तिसरा. गटातल्या वेगवेगळ्या ओळींना दोन चिठ्ठ्यांनी हात लावला तरी दोन्ही थांबतात. गट फार मोठे करू नयेत. सगळंच सगळ्याशी जोडलं की प्रत्येक चिठ्ठी अडते आणि लोक न वाचता ‘मंजूर’ दाबू लागतात. गट कोणते हे ठरवताना असेंब्लीचा फोरमन डिझाइनरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पार्ट नंबरचा नियमही पक्का लागतो. जुना आणि नवा पार्ट एकमेकांच्या जागी कुठेही चालत असेल तर फक्त रिव्हिजन वाढवायची. चालत नसेल तर नवा नंबर, मग ड्रॉइंग कितीही सारखं दिसो. 159 आणि 171 च्या प्लेटला एकच नंबर दिला की स्टोअरमध्ये दोन्ही एकाच रॅकवर जाऊन बसतात.

मंजूर चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहिल्याशिवाय ती पुढे सरकत नाही: कोणत्या सिरियल नंबरच्या यंत्रापासून बदल लागू, आणि शिल्लक मालाचं काय करायचं (वापरून संपवायचा, दुरुस्त करायचा की भंगारात). तारखेपेक्षा सिरियल नंबर बरा, कारण अर्धवट जोडलेलं यंत्र तारखेला जुमानत नाही. निघालेल्या परचेस ऑर्डरींची यादी सॉफ्टवेअरने चिठ्ठीला आपोआप जोडावी. नाहीतर रद्द करायचा माल आठवडाभराने दारात येतो.

उरतो जॉब वर्कचा, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाचा भाग. लेझर कटिंगवाल्याकडे मागच्या वर्षीची डीएक्सएफ (कापायच्या आकाराची ड्रॉइंग फाइल) पडलेली असते आणि ‘तीच प्लेट परत’ असं फोनवर सांगितलं की तो तीच कापतो. म्हणून फाइलच्या नावात नंबर आणि रिव्हिजन असते, प्लेटच्या कोपऱ्यात तीच लेझरने कोरून घेतो, आणि आवक करताना स्टोअरवाला कोरलेली रिव्हिजन चालू लिस्टशी ताडून पाहतो. जुळली नाही तर मालासोबत आलेल्या चलनावर सही करत नाही.