उपासनेनंतरही उरणारी भूक

रविवारची उपासना मी टाळत नाही. तरीही आशीर्वादाचे शेवटचे शब्द कानी पडून मंडळी पांगू लागते, तेव्हा आपल्या आत काहीच हलले नाही ही जाणीव गेली काही वर्षे माझ्याबरोबर चर्चबाहेर येते. दोष ठरलेल्या क्रमाचा आहे, असे मला वाटत नाही. पापांगीकार (पापांची कबुली), शास्त्रपाठ, उपदेश आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेणे) हा क्रम शतकानुशतके टिकला, कारण माणसाला दर आठवड्याला स्वतःचे नवे शब्द सुचत नाहीत. भाषेचाही अडसर नाही: कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लोकभाषेत आणण्याची वाट मोकळी केली, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तर ते सोळाव्या शतकातच केले होते.

मला खटकते ती घाई. पापांगीकारापूर्वी क्षणभर थांबण्यास सांगितले जाते आणि तो खरोखरच क्षणभर असतो. गीत संपते न संपते तोच सूचना सुरू होतात. (सूचनांना मात्र वेळ कधीच कमी पडत नाही.) याउलट, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर पंथीयांनी शांत बसून करायची उपासना स्वीकारली, तर फ्रान्समधील तेझे येथे ब्रदर रॉजर यांनी १९४० साली सुरू केलेल्या मठसमुदायात छोट्या ओळी पुन्हापुन्हा गाऊन मग दीर्घ मौन पाळले जाते.

मला पंथ बदलायचा नाही, कारण प्रभुभोजनाच्या मेजापाशी इतरांसोबत उभे राहण्यातले सामर्थ्य एकांतातील प्रार्थनेत मिळत नाही. उपदेशानंतर पाच मिनिटे मौन ठेवावे, एवढीच विनंती मी आमच्या पाळकांना केली आहे; त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.