पहिला रिपोर्ट निगेटिव्ह, तरीही क्यू फीवरच : माझा अनुभव

“तुमची टेस्ट झालीय, रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. परत कशाला?” एकाच प्रयोगशाळेच्या एकाच खिडकीवर असलं ऐकत मी तीन खेपा घातल्या. त्याचा राग अजून गेलेला नाही. शेळ्या-मेंढ्या, गाईगुरं सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुणाचे दिवस असे वाया जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

आमच्या दोन शेळ्या शेवटच्या महिन्यात गाभडल्या होत्या. तिसरी व्याली, पण करडू अगदीच अशक्त आणि वार अर्धी लोंबत राहिलेली. मी उघड्या हातांनी ती काढली, करडाच्या नाकातोंडावरचा चिकटा पुसला, हात गवतालाच पुसले आणि ते गवत वाळल्यावर झाडून काढलं. शेळी खात-पीत होती, आजारी वाटतच नव्हती.

अठरा दिवसांनी मला ताप भरला. डोळ्यांमागे घण बसावेत असं डोकं दुखायचं, रात्री चादर पिळून निघेल इतका घाम. नेहमीच्या तपासण्यांत काही सापडेना, फक्त लिव्हरचे आकडे वाढलेले. शेवटी धागा जुळवला तो जनावरांच्या डॉक्टरांनी. गाभडलेल्या शेळ्यांची चौकशी करायला त्यांनी फोन केला आणि माझा आवाज ऐकून म्हणाले, “तुमच्या डॉक्टरांना गोठ्यातलं सगळं सांगितलंत का?” सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून तुम्ही आपणहून सांगा: कोणतं जनावर व्यालं, कोणतं गाभडलं, वारेला हात कुणी लावला. जनावरांकडून माणसाला होणाऱ्या क्यू फीवरचा जंतू, कॉक्सिएला बर्नेटी, वारेत आणि विताना येणाऱ्या पाण्यात अफाट संख्येने असतो. ते वाळलं की धुळीत मिसळतो आणि श्वासावाटे आत जातो. गोठ्यात पाऊलही न टाकलेल्या माणसाला वाऱ्यावरून गाठू शकतो.

माझ्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस. (गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, घशाखाली फार जळजळ होते.) तीन दिवसांत ताप उतरला. गोळीआधी रक्त घेतलं होतं, तापाच्या पाचव्या दिवशी. ते निगेटिव्ह आलं.

डॉक्टरांना त्याचं नवल वाटलं नाही. अँटिबॉडी बहुतेकदा दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतात, त्यामुळे पाचव्या दिवसाचं रक्त कोरं असणारच. खरी परीक्षा जोडीची: तीनेक आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यायचा, पहिल्याशेजारी ठेवून दोन्ही एकाच वेळी तपासायचे आणि अँटिबॉडींचं प्रमाण किमान चौपट वाढलंय का ते बघायचं. त्यांनी हे चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलं.

पहिल्या खेपेला खिडकीवर चिठ्ठी वाचलीच नाही. माझ्या नावापुढे ‘पूर्ण’ असं दिसत होतं, तेवढ्यावर परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला आणि दोन तास बसवून परत दिला, कारण ‘ताप सुरू झाल्याची तारीख’ हा रकाना कोरा होता. तो महत्त्वाचा आहे हे मला मान्य, त्या तारखेशिवाय आकड्यांचा अर्थच लागत नाही. पण हे दोन तास आधी सांगता आलं असतं. मला भिंतीला टेकल्याशिवाय उभं राहवत नव्हतं. रांगेतले एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, शेळ्यांचे आजार माणसाला होत नसतात. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात दुधाच्या शेळ्यांच्या गोठ्यांमधून हाच आजार सुमारे ४,००० माणसांपर्यंत पोचला आणि ५०,००० हून जास्त शेळ्या माराव्या लागल्या. तेव्हा मला हे माहीत असतं तर तिथेच सांगितलं असतं.

तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं, “जुना नमुना टाकून दिला असेल.” असेल! मी म्हटलं, आत जाऊन बघा, तोवर मी इथून हलत नाही. आवाज चढला होता, त्याचं मला वाईट वाटत नाही. आतून एक तंत्रज्ञ बाई आल्या, उभ्याउभ्याच चिठ्ठी पूर्ण वाचली आणि फ्रीझरकडे गेल्या. परत आल्या तेव्हा हातात बोटभर नळी होती, बर्फाच्या पांढुरक्या थराखाली माझं नाव. “आहे हो,” म्हणाल्या. मला रडूच आलं.

पहिला नमुना कोरा, दुसऱ्यात फेज-२ आयजीजी (ताज्या आजारात वाढणाऱ्या अँटिबॉडी) १:५१२, म्हणजे चौपटीच्या कितीतरी वर. क्यू फीवर पक्का.

म्हणून पहिलं रक्त देतानाच अर्जावर लिहून घ्या: नमुना जपून ठेवावा, दुसरा येणार आहे. ताप नुकताच आला असेल आणि गोळी सुरू झाली नसेल, तर पीसीआरचंही (रक्तात थेट जंतू शोधणारी चाचणी) विचारा.

एक राहिलंच. हृदयाची झडप खराब असेल किंवा बदललेली असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. जंतू झडपेवर ठाण मांडून बसला तर औषध १८ महिने किंवा त्याहून जास्त चालतं. माझा इको (हृदयाची सोनोग्राफी) त्यासाठीच केला, तो चांगला निघाला. घरात वहिनी गरोदर होती. गर्भाला धोका असतो म्हणून तिचीही तपासणी झाली आणि गोठा तिला पूर्ण बंद केला. माणसाकडून माणसाला हा क्वचितच होतो, त्यामुळे माझी खोली वेगळी करावी लागली नाही. दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. वीत असलेली शेळी आता वेगळी बांधतो, हातमोजे आणि मास्क घालूनच जवळ जातो, वार खोल पुरतो आणि जमीन झाडण्याआधी ओली करतो.

परवा सहा महिन्यांचं रक्त दिलं. फेज-१ (दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडी) चा आकडा वर चढला तर आजार आत मुरतोय असं समजतात. माझा खालीच आहे. या वेळी तारखेचा रकाना मी रांगेत लागण्याआधीच भरला होता.