कुसळं, लेंड्या आणि सात चिंकारे: मुलांसोबत सुप्याच्या माळावर

थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. जंगल दाखवायला नेऊ म्हटल्यावर दोघांच्या डोळ्यांसमोर वाघच उभा राहिला. "वाघ नाहीये तिथे," असं मी आधीच सांगून टाकलं. अशा ठिकाणी मुलांना खोटी आशा लावून नेलं की दिवसभर तीच आशा पुरी करत बसावं लागतं. चिंकारा आहे, म्हणजे लहानसं हरीण, म्हटलं. दिसला तर दिसला. आबा, म्हणजे माझे वडील, सोबत होते. त्यांचं सगळं बालपण माळावर गुरांमागे गेलेलं. खरं तर त्यांना माळ पुन्हा दाखवावा म्हणूनच मी हे ठिकाण निवडलं होतं.

बारामती तालुक्यातल्या सुपे गावाजवळचं मयूरेश्वर अभयारण्य. पुण्याहून सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत यायचं आणि तिथून उजवीकडे वळायचं. मोरगावचा मयूरेश्वर जवळच आहे, त्यावरून अभयारण्याचं नाव. १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी ते राखलं गेलं. आकार अगदी लहान, जेमतेम पाच चौरस किलोमीटर. लहान मुलांसाठी मला हे फार सोयीचं वाटलं. गाडीत तासन् तास कोंडून ठेवावं लागत नाही, आणि जे दिसतं ते मोकळ्यावर दिसतं.

आम्ही जानेवारीत गेलो. उजाडता उजाडता फाटकापाशी पोचलो, तेव्हा गवत पूर्ण वाळून सोन्यासारखं झालं होतं आणि त्यावर दव होतं. सोबत गावातले एक काका वाटाड्या म्हणून आले. त्यांनी पहिलंच वाक्य मुलांकडे बघून बोललं, "इथं गप बसलं की जास्त दिसतं." धाकट्याने लगेच दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि पुढची दहा मिनिटं ते काढले नाहीत.

पहिला चिंकारा धाकट्यालाच दिसला. आम्ही मोठी माणसं दूर क्षितिजाकडे बघत होतो आणि तो खिडकीच्या काचेला नाक लावून जवळच्या बोरीच्या झुडपाकडे. "ती शेपटी हलतेय," एवढंच तो म्हणाला. अंग गवताच्या रंगाचं, त्यामुळे उभा चिंकारा नजरेला सापडतच नाही. पण काळी शेपटी सारखी वळवळत असते, ती त्याला कळली होती. मग एकामागून एक सात दिसले. काकांनी शिंगं बघायला सांगितली. नराची वळ्यावळ्यांची, लांब. मादीचीही असतात, पण बारीक आणि आखूड. चिंकारा खांद्यापाशी साधारण ६५ सेंटीमीटर उंच आणि वजनाने वीस-तेवीस किलो, असं मी थोरलीला सांगितलं, तर ती एकदम ताठ बसली. "म्हणजे माझ्याएवढाच!" त्यानंतर सबंध सकाळ ती त्या प्राण्यांकडे बरोबरीच्या नात्याने बघत होती.

तेवढ्यात वाऱ्याची दिशा बदलली असावी. एका नराने आमच्याकडे तोंड केलं, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढला. बाकीच्यांना दिलेला तो इशारा होता. क्षणात सगळे पळाले. पण शंभरेक पावलांवर जाऊन थांबले आणि मान वळवून आमच्याकडे बघत राहिले. काका म्हणाले, चिंकारा असाच, पळतो आणि थांबून बघतो, आणि शिकाऱ्यांनी त्याच्या याच सवयीचा फायदा घेतला. हे त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, मुलांना ऐकू जाऊ नये अशा बेताने. थोरलीने ऐकलं होतंच. ती बराच वेळ काही बोलली नाही.

पाणवठ्याजवळ थांबलो तेव्हा मुलांचे प्रश्न सुरू झाले. चिंकारे पाण्यावर का येत नाहीत? येतातही, पण त्यांचं पाण्यावाचून पुष्कळ दिवस भागतं. पाला आणि त्यावरचं दव यांतून ओलावा मिळतो. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख, इथे टिकायचं तर असंच जगावं लागतं. मग पखुर्ड्यांचा, म्हणजे माळावर राहणाऱ्या कबुतरासारख्या पक्ष्यांचा, एक थवा कलकलत येऊन पाण्याकाठी उतरला, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगायची संधी मिळाली. पखुर्डीचा नर पाण्यात बसून पोट भिजवतो. त्याच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. तसाच ओल्या पोटाने तो लांबवर पिल्लांकडे उडत जातो आणि पिल्लं त्या पिसांतून पाणी चोखतात. जानेवारीत पिल्लं होती की नाही कोण जाणे, पण धाकट्याने आपला शर्ट पोटापाशी हातात धरून, "असं?" म्हणून विचारलं. हो, असंच.

दुर्बीण मुलांच्या फारशी कामाची नाही, हे मला या वेळी नीट कळलं. जड असते, आणि हात स्थिर राहीपर्यंत पक्षी उडून गेलेला असतो. तिच्यामागे मी अर्धा तास घालवला, तो घालवायला नको होता. नुसत्या डोळ्यांनी जवळचं बघण्यात ती दोघं कितीतरी रमली. निरीक्षण मनोऱ्याशी खाली उतरायची परवानगी मिळाली. तिथे चिंकाऱ्याच्या लेंड्यांचा ढीग होता. नर एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकून आपली हद्द सांगतो, हे ऐकल्यावर दोघांनी त्या ढिगाला वळसा घातला. हद्द ओलांडायची नाही, असं त्यांचं आपसात ठरलं. वारुळं बघितली. भोवत्या नावाचा शिकारी पक्षी गवतावर खालून खालून तरंगत गेला. हे पक्षी हिवाळ्यात परदेशातून येतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात.

आबा मात्र सकाळभर फारसे बोलले नव्हते. मनोऱ्यापाशी ते वाकले, कुसळी गवताचं एक कुसळ तोडून थोरलीच्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. कुसळ हळूहळू फिरू लागलं. कोणी हात न लावता, स्वतःभोवती. थोरली किंचाळलीच, मग आपण कुठे आहोत ते आठवून गप्प झाली. पिळाची शेपटी ओली झाली की उलगडते, सुकली की पुन्हा पीळ घेते. या उलटसुलट फिरण्यातून बी टोकाकडून जमिनीत रुतत जातं. "बी स्वतःच स्वतःला पेरतं, बाळा," आबा म्हणाले. हे सगळं त्यांना कोणी शिकवलेलं नाही. त्यांनी लहानपणी तळहातावर बघितलेलं.

अशा माळांना सरकारी कागदांवर कितीतरी काळ पडीक म्हटलं गेलं आहे. पडीक म्हटलं की तिथे कारखाना येतो, प्लॉट पडतात, नाहीतर चांगल्या मनाने कोणी झाडं लावतं. झाडांच्या सावलीत गवत मरतं, आणि ज्याची सगळी भिस्त दूरवर दिसण्यावर आणि पळण्यावर आहे त्या चिंकाऱ्याची जागा जाते. माझ्या मुलांनी शाळेत झाडं लावा असं शिकलं आहे. ते बरोबरच आहे. पण गवतही राखायचं असतं, हे त्यांना मला शब्दांत सांगावंसं वाटेना. त्यांनी कुसळ फिरताना पाहिलं होतं.

तुम्ही लहानांना घेऊन जाणार असाल तर दोनच गोष्टी सांगते. सूर्य वर यायच्या आत पोचा, कारण दहानंतर प्राणी आडोशाला जातात आणि मुलंही कंटाळतात. आणि पायांत बूट, पूर्ण पँट घाला. आम्ही धाकट्याला लोकरी मोजे घातले होते. ते कुसळांनी इतके भरले की पायाला टोचून तो रडवेला झाला.

फाटकाबाहेर गाडीच्या पायरीवर बसून आम्ही ते मोजे साफ करत होतो. मी कुसळं काढून रस्त्याच्या डांबरावर टाकत होते. थोरलीने माझा हात धरला. तिने सगळी कुसळं ओंजळीत गोळा केली, आबांना सोबत घेतलं आणि कुंपणापाशी जाऊन आतल्या मातीत ती एकेक करून सोडली. आबा वाकून बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांच्यावर शिंपडत होते.