संत्र्याच्या मूळकुजीचे निदान करून घेताना

काटोल तालुक्यातील आमच्या संत्रा बागेत मागील पावसाळ्यात डिंक्याने (मूळकुजीबरोबर येणारा, खोडातून डिंक गळणारा रोग) जोर धरला, तेव्हा सल्ल्यांना काहीच तोटा नव्हता. कृषी केंद्राच्या काउंटरवर रोगाचे नाव पुरते सांगून होण्याआधीच औषधाची बाटली पुढे येत होती, आणि मोबाइलवरून फोटो पाठवले की चार जण चार कारणे कळवत होते. इकडे पाने पिवळी पडून शेंडे वाळत होते आणि आंबिया बहाराची फळे गळत होती. शेवटी नागपूरला अमरावती रोडवरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत नमुने नेण्याचे ठरवले.

नमुना कसा घ्यावा हे आधी फोनवर विचारून घेतले, ते फार बरे झाले. खतांच्या मात्रेसाठी माती परीक्षण करताना आपण माती सावलीत वाळवतो. मूळकुजीच्या तपासणीसाठी मात्र ती ओलीच न्यावी लागते, कारण हा रोग पसरवणारा फायटोप्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव ओलाव्यावर जगतो. खोडाजवळची माती न घेता झाडाच्या घेराच्या कडेला, जेथे तंतुमुळे असतात तेथून, वीतभर खोलीची माती मुळांसह प्लास्टिकच्या पिशवीत भरून उन्हापासून जपत नेली. पूर्ण वाळलेल्या झाडाखालची माती नको, नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या झाडाची आणि शेजारच्या निरोगी झाडाची वेगवेगळी आणा, अशी स्पष्ट सूचना होती.

तेथील शास्त्रज्ञ मॅडमनी पिशवीतले एक तंतुमूळ चिमटीत धरून हलकेच ओढले. वरची साल म्यानासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. निरोगी झाडाच्या मुळाची साल मात्र जागची हलली नाही. तरीही त्यांनी तेवढ्यावर निष्कर्ष काढला नाही. पाण्यात कालवलेल्या मातीवर पानांचे तुकडे तरंगत ठेवतात, मातीत रोगकारक असेल तर त्याचे बीजाणू पोहत येऊन त्या तुकड्यांवर वाढतात, आणि मग ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात, असे त्यांनी समजावून सांगितले.

माझ्या मते खरे काम झाले ते यानंतरच्या प्रश्नोत्तरांत. "भाऊ, औषध शेवटचे कधी ओतले?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता, कारण बुरशीनाशक दिल्यावर लगेच नमुना घेतला तर मातीत रोग असूनही तो तपासणीत सापडत नाही. खुंट (ज्या रोपावर कलम बांधतात ते) कोणता, कलमाचा डोळा मातीखाली गेला आहे का, पाणी पाटाने देता की ठिबकने, कलमे कोणाकडून आणली, हे सर्व त्यांनी विचारले. (कलमे ज्या नर्सरीतून आणली, तिच्याकडे खुंटाबद्दल साधी नोंदही मिळाली नाही.) मी वहीत बागेचा कच्चा नकाशा काढून आजारी झाडांवर खुणा केल्या होत्या. त्या खुणा वरच्या वावरातून पावसाचे पाणी ज्या वाटेने आमच्याकडे उतरते, त्याच वाटेने गेल्या होत्या. आणि मॅडम सर्वांत जास्त वेळ त्या पानावर थांबल्या. असली माहिती पानाच्या फोटोतून कधीच कळली नसती.

तपासणीत फायटोप्थोरा निघाला. शिफारशीत मेटॅलॅक्झिल व मँकोझेबच्या मिश्र बुरशीनाशकाची आळवणी (द्रावण मुळांशी ओतणे) होती, खोडाला बोर्डो मलम होता (एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी) आणि खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे होते. आमची जमीन भारी काळी असल्याने झड लागली की पंप घेऊन आत जाता येत नाही, हे मी सांगितल्यावर कामांचा क्रम बदलला: आधी ओळींमध्ये उताराच्या दिशेने चर, वरच्या धुऱ्यालगत (बांधालगत) पाणी वळवणारी नाली, आणि वाफसा आल्यावर, म्हणजे जमीन कामाजोगी सुकल्यावर, आळवणी. धुऱ्यावरच्या नालीसाठी शेजारच्या काकांना राजी करायला प्रयोगशाळेचा अहवाल कामी आला. निव्वळ माझ्या शब्दावर ते तयार झाले नसते.

नवीन पिवळेपणा आता थांबला आहे. जी झाडे आधीच खंगली होती, त्यांतली काही काढावी लागली. त्या जागी नेहमीच्या जंबेरी खुंटाऐवजी, या रोगाला अधिक सहनशील असलेल्या रंगपूर लिंबाच्या खुंटावरील कलमे लावली आहेत. आमच्या भारी जमिनीत तो खुंट कसा चालतो हे मॅडमना जाणून घ्यायचे आहे, म्हणून त्या झाडांच्या पाण्याच्या, फवारणीच्या आणि वाढीच्या नोंदी मी वेगळ्या ठेवतो आणि प्रत्येक बहारानंतर त्यांना पाठवतो.